दुसऱ्या रांगेतली जागा

आमच्या गेटपाशी आला की कॉन्रॅडचा बँड मुका व्हायचा.

एरवी सगळ्या भुईगावात तो दणकून वाजायचा. ख्रिस्ती लग्न असो, चर्चचा सण असो, आम्हा वाडवळांची हळद असो की गणपती, बँड कॉन्रॅडचाच. पण आमच्या गल्लीत शिरून गेटलगतच्या शेवग्याच्या झाडापाशी पोचला, की आधी ट्रम्पेट थांबायचा, मग क्लॅरिनेट, मग मोठा ढोल. पांढऱ्या गणवेशातली ती माणसं माना खाली घालून नुसते बूट वाजवत पुढे जायची आणि विहिरीचं वळण ओलांडलं की पुन्हा सुरू व्हायची.

सुतकाच्या घरासमोर वाजवू नये हे कुणाला सांगावं लागत नाही. पण ते सुतक फिटेपर्यंत. आमच्या घरासमोर हा प्रकार आठ वर्षं चालला होता, आणि माझी वहिनी नर्मदा म्हणायची की आमच्या घरात कुणी गेलेलंच नाही, तर सुतक कसलं?

तिचा कुशल, माझा भाचा, कॉन्रॅडच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. दुसऱ्या रांगेत, डाव्या हाताला. आमच्यातला पोरगा ख्रिस्त्यांच्या बँडमध्ये गेला म्हणून आमच्या काही नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, ती मी जागच्या जागी सरळ केली. मी आहेच तशी. माझं लग्न मी जमू दिलं नाही, भाऊ नरहरीच्या घरी राहून सोनचाफ्याची बाग सांभाळली, आणि कुणाचं ऐकून घेतलं नाही. सगळं गाव मला आत्या म्हणतं, माझ्याहून मोठा असलेला कॉन्रॅडसुद्धा.

आठ वर्षांपूर्वी गणपती विसर्जनाला बँड किनाऱ्यावर उभा होता. कुशलनं ड्रम गळ्यातून काढून वाळूत ठेवला आणि मूर्ती घेऊन जाणाऱ्यांबरोबर पाण्यात उतरला. मूर्ती गेली, बाकीचे परत आले, तो आला नाही. होड्या गेल्या, पोलीस आले, किनाऱ्याकिनाऱ्यानं पार डहाणूपर्यंत निरोप गेले. काही मिळालं नाही. वहिनीनं वाळूतला ड्रम उचलून घरी आणला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. पुढे भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून दहन करा, मुलाला गती मिळेल. वहिनीनं त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं. नरहरी गप्प राहिला. तो तेव्हापासून गप्पच आहे.

बँडवाल्यांचीही एक रीत होती. वाजवणारा गेला, की त्याला त्याच्या दारातून संथ चालीवर वाजवत न्यायचं, आणि मगच रांगेतली त्याची जागा दुसऱ्याला द्यायची. कुशलला कुणी कुठून नेणार? त्यामुळे दुसऱ्या रांगेत डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवून ते चालायचे. दात पडलेल्या माणसासारखा दिसायचा तो बँड. गावाला सवय झाली, मला झाली नाही.

यंदा कुशलची धाकटी बहीण रिद्धी हिचं लग्न ठरलं, तेव्हा बँडचा विषय निघणारच होता. माझा चुलतभाचा दीपेश जेवताना मोबाइल पुढे करून म्हणाला, "काकी, डीजे सांगू ना! फुल सेटअप, लाइट-बिइट सगळं त्याचंच. नायतर विरारचा तो धनेशचा बँड घ्या, एकदम भारी आहे."

"मला कॉन्रॅड अंकलचाच बँड पाहिजे," रिद्धी म्हणाली. "दादा बोलला होता, तुझ्या लग्नात गेटपासून मी वाजवणार."

मला वाटलं, आता वहिनी ताट आपटणार. पण ती शांतपणे म्हणाली, "कॉन्रॅडचाच घ्यायचा. सगळ्यांचे बँड माज्या दारावरून वाजत जातात. एकटा तोच थांबतो. ज्यानं थांबवलंय त्यानंच वाजवला पायजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला बँड नको होता, कबुली हवी होती. कॉन्रॅड वाजवत गेटमधून आत आला म्हणजे त्यानं गावादेखत मान्य केलं, की कुशल गेलेला नाही. मुलीच्या अंगाला हळद लागणार त्या दिवशी या बाईला मुलगा जिवंत करून हवा होता. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

आम्ही दोघी कॉन्रॅडच्या घरी गेलो. व्हरांड्यात तो ट्रम्पेट पुसत बसला होता. आम्हाला बघून उठला, खुर्च्या ओढल्या. त्याची बायको जॉयस सरबत घेऊन आली. तारीख ऐकल्यावर त्यानं मोकळी आहे की नाही ते बघितलंसुद्धा नाही.

"नर्मदा बाय, धनेशला सांग. चांगली पोरं हायत त्याच्याकडं."

"मला तुजा बँड पायजे. हळदीच्या दिवशी नाक्यावरून वाजत यायचं, आमाला घेऊन गावदेवीला आमंत्रण द्यायला जायचं आणि वाजत परत आनून सोडायचं. दारात थांबायचं नाय."

कॉन्रॅड फडक्यानं ट्रम्पेटचा तोच तोच भाग पुसत राहिला.

"आठ वर्षं तू माज्या दारात तोंड बंद करतोस," वहिनी म्हणाली. "तुज्याच हाताखाली शिकला ना रे तो? तुलाच कशी घाई झाली त्याला मारायची?"

"बाय, तसं नाय गो."

"मग कसं हाय?"

जॉयस दारात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "सांगून टाक ना एकदा." त्यानं तिच्याकडे असं बघितलं, की ती ट्रे घेऊन आत निघून गेली.

"वाजवतो," कॉन्रॅड म्हणाला. "थांबनार नाय. शब्द देतो."

परत येताना वहिनी कितीतरी दिवसांनी रस्त्यात लोकांशी बोलली. पण माझ्या डोक्यात जॉयसचं वाक्य अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी बागेतली फुलं बाजाराला गेल्यावर मी एकटीच तिकडे गेले आणि कॉन्रॅडला म्हटलं, "हं, काय सांगून टाकायचंय ते मला सांग. मी ऐकल्याशिवाय उठणार नाही."

त्यानं आतल्या दाराकडे बघितलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आत्या, पहिल्या वेळेला आमी थांबलो ते रीत म्हनून. पोर गेलेलं, घर दुःखात. वर्ष झालं तसं मी पोरांना बोललो, आता वाजवायचं. शेवग्यापाशी आलो, आनि ड्रम ऐकू आला."

"कुठला ड्रम?"

"दुसऱ्या रांगेतून. मोकळ्या जागेतून."

मी हसले. मला हसायचं होतं, म्हणून हसले. "लग्नात काय काय पिऊन वाजवता तुम्ही, ते माहीत आहे मला."

तो चिडला नाही. "आमी लग्नाची चाल वाजवीत असतो, आनि तो तिथून मयताची चाल धरतो. हळू. एक पाऊल, मग थांबून दुसरं. त्याच्यावर लग्नाचं गानं वाजत नाय, आत्या. श्वासच पुरत नाय. विचार कोनालाही. दरवेळी ठरवतो, दरवेळी थांबतो."

"आणि तो कुशलच कशावरून?"

कॉन्रॅडनं डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं करून दाखवलं. "याच्यावरून."

लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून कुशलचं ते बोट मोडलं होतं. ते पुन्हा कधी सरळ झालं नाही. त्यामुळे डाव्या हाताचा ठोका अगदी जरासा उशिरा पडायचा. कॉन्रॅड त्याला त्यावरून शिव्या घालायचा, मग सगळ्या बँडनंच त्या उशिराशी जुळवून घेतलं.

"तो उशीर मी कुठं पन ओळखीन," कॉन्रॅड म्हणाला. "मला न्या म्हनून सांगतोय तो, आत्या. दारात उभा राहून सांगतोय. आता हे मी त्याच्या आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी त्याला म्हातारपणी कान तपासून घे म्हटलं आणि निघाले. भूतबीत मी मानत नाही. पण घरी पोचल्यावर शेवग्याखालून आत जायला पाय उचलेना. मागच्या वाडीतून फिरून गेले आणि स्वतःचाच राग आला. वहिनीला काही बोलले नाही. ती अंगणात मांडवाचे बांबू रोवणाऱ्यांना हुकूम सोडत होती, आणि तिच्या आवाजात पूर्वीचा जोर होता. कुठल्या तोंडानं सांगणार होते मीसुद्धा?

हळदीच्या दिवशी दुपार कलायला लागली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मांडवाला केळीचे खांब लागले होते, रिद्धी पिवळ्या साडीत पाटावर बसली होती आणि बायका तिच्या हातापायांना हळद लावत होत्या. नाक्यावर बँड सुरू झाल्याचा आवाज आला तशी वहिनी आरतीचं ताट घेऊन गेटपाशी गेली. मी तिच्या शेजारी. नरहरी आमच्या मागे.

काय वाजवत होते ते लोक त्या दिवशी! गल्लीतली पोरं पुढे नाचत होती. कॉन्रॅडचे गाल फुगून लाल झाले होते. त्याची मुलगी सुझान झांजा वाजवत होती. दुसऱ्या रांगेत डावीकडे ती जागा मोकळी होती, आणि नाचणारं एकही पोर त्या जागेत शिरत नव्हतं. कुणी त्यांना सांगितलं होतं असं नाही.

बँड शेवग्यापाशी आला. कॉन्रॅडनं वहिनीकडे बघितलं आणि आणखी जोरात फुंकलं. क्षणभर मला वाटलं, जमलं. मग ट्रम्पेटचा सूर घसरला, क्लॅरिनेट बंद पडला, ढोल दोनदा वेडावाकडा वाजला आणि थांबला. पोरं नाचता नाचता तशीच उभी राहिली.

वहिनी ताट घेऊन दोन पावलं पुढे गेली. "शब्द दिला होतास," ती म्हणाली. ओरडली नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "माज्या मुलीच्या हळदीला, कॉन्रॅड. माज्या दारात."

कॉन्रॅडनं ट्रम्पेट खाली घेतला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाय, ऐक," तो म्हणाला. "जरा ऐक गो."

आणि मला ऐकू आलं.

भूत मी आजही मानत नाही, पण ऐकलं ते सांगते. रस्त्यावर कुणी हलत नव्हतं. मोकळ्या जागेतून, जमिनीपासून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून, ड्रम वाजत होता. फार मोठ्यानं नाही, घरात बसून कधी ऐकू गेला नसता. एक ठोका उजवा, आणि मग डावा, जरासा उशिरा. पुन्हा उजवा, आणि डावा उशिरा. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मला त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

वहिनीनं ताट माझ्या हातात दिलं. "डावा हात," ती म्हणाली. "वन्सं, डावा हात हाय त्याचा."

"हो, वहिनी."

"किती दिवस वाजवतोय?"

मी कॉन्रॅडकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. "पहिल्या वर्षापासून, बाय."

वहिनी वळली आणि घरात गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल आणि लग्न इथंच मोडेल. आतून कपाटापाशी स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात ड्रम होता. पट्टा कुशलच्या उंचीचा, त्यामुळे ड्रम तिच्या गुडघ्यांवर आपटत होता. ती माणसांमधून चालत गेली आणि दुसऱ्या रांगेत डावीकडे, त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली.

"वाजव," ती कॉन्रॅडला म्हणाली. "त्याची चाल वाजव. हळू."

मग आमचे नातेवाईक जागे झाले. हळदीच्या अंगणातून मयताची चाल! कुणी डोक्याला हात लावला, कुणी मुलाकडच्यांना काय सांगायचं म्हणून ओरडलं. दीपेश पुढे धावला. "काकी, काय करताय? अपशकुन होईल, रिद्धीचा तरी विचार करा!"

रिद्धी तोवर पाटावरून उठून गेटमध्ये आली होती. हातांना, गालांना ओली हळद. रडत होती, पण आवाज पक्का होता. "वाजू दे. दादानं सांगितलं होतं, गेटपासून वाजवणार म्हणून. वाजवतोय ना तो? मग वाजू दे."

दीपेशला मी एका हातानं बाजूला केलं. दुसऱ्या हातात ताट होतं, नाहीतर दोन्ही हातांनी केलं असतं.

कॉन्रॅडनं ट्रम्पेट ओठांना लावला. ती चाल मी ख्रिस्त्यांच्या कितीतरी मयतांना ऐकली आहे. एक पाऊल, थांबायचं, मग दुसरं. बँड आमच्या गेटवरून हलला आणि समुद्राकडे निघाला. वहिनी रांगेत चालत होती. तिचे हात ड्रमच्या कडेवर होते, काठ्या पट्ट्यात खोचलेल्याच होत्या, आणि ड्रम वाजत होता. डावा ठोका उशिरा पडत होता. तिच्या बाजूनं हळद माखलेली रिद्धी अनवाणी चालली होती. नरहरीनं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला होता. मी शेवटी, आरतीचं ताट घेऊन. दिवा विझला होता, तरी मी ताट खाली ठेवलं नाही. वाटेतल्या ख्रिस्ती घरांतली माणसं व्हरांड्यात येऊन उभी राहत होती आणि छातीवर क्रूसाची खूण करत होती. कुणीही विचारलं नाही, कोण गेलं.

सुरूची झाडं संपली, वाळू लागली. भरती येत होती. कुशलनं ड्रम ठेवला होता ती जागा बँडमधल्या सगळ्यांनाच माहीत होती. तिथं कॉन्रॅड थांबला. सगळे थांबले. ड्रम आणखी थोडा वाजला. उजवा. मग डाव्याची आम्ही वाट बघितली. बघतच राहिलो.

वहिनीनं ड्रम गळ्यातून काढून वाळूत ठेवला. लाटा येऊन तिच्या पावलांपर्यंत पोचत होत्या.

"आठ वर्षं दारात उभा होतास होय रे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "आनि मी वाट बघतेय, कधी येतोस. तुला जायचं होतं, आनि मीच जाऊ दिलं नाय." मग तिनं हात जोडले, जसे आपण पाहुण्याला निरोप देताना जोडतो. "जा बाळा. बहिनीच्या लग्नाला आलास, चांगलं केलंस. आता जा."

नरहरी मोठ्यानं रडला. आठ वर्षांत मी त्याचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. वहिनी रडली नाही. तिनं वाकून ड्रम उचलला, पदरानं त्याची वाळू पुसली आणि कॉन्रॅडसमोर धरला.

"तुजा हाय. बसव कोनाला तरी त्याच्या जागेवर."

कॉन्रॅडनं सुझानकडे बघितलं. तिला लहानपणी कुशलनंच ड्रम शिकवला होता. ही जागा रिकामी होईपर्यंत, म्हणजे खरं तर भरण्याजोगी होईपर्यंत, ती झांजांवर थांबली होती. तिनं झांजा शेजारच्या पोराकडे दिल्या, पट्टा आवळून लहान केला आणि रांगेत उभी राहिली. मग तिनं पट्ट्यातल्या काठ्या काढल्या आणि लग्नाची चाल धरली. दोन्ही हात वेळेवर.

आम्ही गावदेवीला गेलो, नारळ ठेवला, आमंत्रण दिलं. पोरं पुन्हा जमली, पुन्हा नाचायला लागली. पोरांना काय, वाजतंय ना, बास. दीपेशसुद्धा नाचला, मी बघितलं. येताना बँड पुढे आणि आम्ही बायका मागे. रिद्धीनं वहिनीचा हात धरला होता, आणि वहिनीच्या मनगटावर हळद लागली होती.

गल्लीत शिरलो. शेवगा दिसायला लागला. बँड शेवग्यापाशी आला, शेवगा ओलांडला आणि तसाच वाजत राहिला. दुसरी रांग भरलेली होती. ढोल, झांजा, ट्रम्पेट, सगळं एकदम. कॉन्रॅडनं मागे वळून बघितलं, त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं दिलेला शब्द पाळला होता. बँड दणाणत आमच्या गेटमधून आत शिरला.

वहिनी गेटबाहेरच उभी राहिली. रिद्धीचा हात तिनं सोडला. मान जराशी तिरकी करून ती कान देऊन ऐकत होती. शेवग्याकडे, रस्त्याच्या डाव्या बाजूकडे. तिथं बँडशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मग तिनं हात वर केला. "थांबा," ती म्हणाली. "जरा थांबा ना रे."

आठ वर्षांत त्या दारात पहिल्यांदाच कॉन्रॅडचा बँड लग्नाची चाल वाजवत होता. एवढ्या आवाजात तिचं बोलणं कुणाला ऐकू जाणार? मी अगदी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आलं. मी तिचा वर केलेला हात धरला, खाली घेतला आणि तिला आत घेऊन गेले.